मोठ्या डॉक्टरांची कवळी

सव्वीस वर्षं खालच्यांनी लोकांचे दात बनवले, आणि त्यातली शेवटची नऊ वर्षं एका माणसाचे दात त्याच्याच घशात कसे घालता येतील, याचा विचार केला.

'खालचे' हे त्यांचं नाव नव्हे, पत्ता. दवाखाना वर, रस्त्याच्या पातळीवर. काचेचं दार, कुंडीतलं झाड, गुळगुळीत मासिकं. काउंटरच्या मागून अकरा पायऱ्या उतरलं की तळघरात कवळ्या बनवायची खोली. तिथे फळीवर प्लास्टरचे जबडे आ वासून बसलेले, वितळलेल्या मेणाचा वास, पॉलिशच्या मशीनची घरघर, आणि खिडकीच्या जागी कॅलेंडर. वरचे लोक म्हणायचे, "खालच्यांना विचारा", "खालच्यांकडे द्या". होता होता माणसाचं नाव त्या पायऱ्यांवरून घरंगळत कुठेतरी गेलं आणि कोणी उचललं नाही. घरी बायको "अहो" म्हणायची, म्हणजे तिथेही नावावाचून काही अडलं नव्हतं.

कवळी करणारे पुष्कळ असतात. बाथरूमला नव्या फरश्या बसवाव्यात तसे एका ओळीत पांढरेशुभ्र दात बसवतात, आणि साठीतला माणूस हसला की दुकानाचं शटर वर गेल्यासारखं वाटतं. खालच्यांचं तसं नव्हतं. ते पेशंटकडून तरुणपणचा फोटो मागवायचे. सुळा जरा बाहेर होता? तो तसाच बाहेर. पुढच्या दोन दातांत फट होती? ती फट परत. आजीबाई नवी कवळी घालून हसल्या की आजोबा आधी दचकायचे आणि मग लाजायचे, कारण लग्नातली मुलगी समोर बसलेली असायची. रंग जुळवायचा तर सूर्यप्रकाश लागतो. तळघरात ट्यूबलाइट. म्हणून प्रत्येक दातासाठी खालचे अकरा पायऱ्या चढून मागच्या दारात उभे राहायचे, दात आभाळाकडे धरून बघायचे आणि परत अकरा पायऱ्या उतरायचे. हा हिशोब त्यांचे गुडघे ठेवत होते.

आणि ही सगळी करामत मोठ्या डॉक्टरांनी नऊ वर्षांपूर्वी एका परिषदेत स्वतःची म्हणून वाचून दाखवली. पडद्यावर फोटो दाखवले. त्यांतल्या एका फोटोत कवळी धरलेला खालच्यांचा अंगठा तेवढा आला होता, बाकीचे खालचे कापले गेले होते. श्रोत्यांतून कोणीतरी विचारलं, "हे करतं कोण?" तेव्हा मोठे डॉक्टर म्हणाले, "हात आमच्या खालच्या माणसाचे, डोकं माझं." सभागृह हसलं. काउंटरवरची ताई फायली सांभाळायला बरोबर गेली होती. ती परत आली आणि भाबडेपणाने म्हणाली, "काका, तुमचाही उल्लेख झाला बरं का!" आणि काय उल्लेख झाला तेही सांगितलं.

त्या दिवसापासून खालच्यांचा डॉक्टरांवर दात होता.

काही लोकांना सूड तापासारखा येतो आणि दोन दिवसांनी उतरतो. खालच्यांचा सूड नोकरीला लागल्यासारखा रोज सकाळी वेळेवर हजर व्हायचा. मेण वितळत ठेवलं की पहिला बेत: ऐन गर्दीत वर जायचं आणि सगळ्यांदेखत राजीनामा टेबलावर आपटायचा. मग लक्षात यायचं, एका कागदाचा आवाज होत नाही. जाड फाइलमध्ये घालावा लागेल. जाड फाइल काउंटरवरच्या ताईकडे असते, आणि ती कारण विचारल्याशिवाय देत नाही. दुपारी दुसरा बेत, संध्याकाळी तिसरा. नऊ वर्षांत एकही बेत अकरावी पायरी चढून वर गेला नाही.

अशात एक दिवस फोन आला. फोन करणाऱ्या डॉक्टरीणबाई कधीकाळी वरच्या दवाखान्यात दोन वर्षं शिकायला होत्या. शिकाऊ डॉक्टरांपैकी रोज खाली उतरून "काका, हे कसं करता?" असं विचारणाऱ्या त्या एकट्याच. आता देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, टेकडीखालच्या एका लहानशा गावात त्यांनी स्वतःचा दवाखाना काढला होता.

"काका, तुमच्यासाठी खोली काढलीय. पहिल्या मजल्यावर. उत्तरेकडे भिंतभर खिडकी आहे."

"भिंतभर?"

"भिंतभर. मागे दोन खोल्यांचं घर आहे, पुढे व्हरांडा. आणि चार वाजता काम बंद. इथे चारनंतर कोणाचे दात दुखत नाहीत. महिनाअखेरपर्यंत कळवा हं, नाहीतर मला दुसरा माणूस बघावा लागेल."

खालच्यांनी घरी येऊन बायकोला सांगितलं. घर चौकातल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर. खिडकी उघडली की धूळ आणि हॉर्न, बंद केली की घुसमट. त्या घरातला संसार सिग्नलवर चालायचा. लाल दिवा लागून गाड्या थांबल्या की बोलून घ्यायचं, हिरवा लागला की गप्प. कित्येक भांडणं निम्म्यावर हिरवी झाली होती. बायकोला सहा वर्षं खोकला होता, आणि डॉक्टर, म्हणजे छातीचे डॉक्टर, दर वेळी एकच औषध सांगायचे: हवा बदला.

"कधी निघायचं?" बायकोने विचारलं.

"निघायचं खरं. पण असं कसं जायचं?"

"कसं म्हणजे? गाडीत बसून."

"त्याला सोडून?"

"अहो, डॉक्टर आहे तो. म्हातारी आई असल्यासारखं काय बोलताय?"

"मी नुसता निघून गेलो तर तो म्हणेल, हात काय, दुसरे मिळतील. मग नऊ वर्षं मी काय झक मारली? आधी त्याला एक धडा शिकवतो, मग जाऊ."

"तुम्ही धडा शिकवेपर्यंत माझी छाती शाळा सोडेल," बायको म्हणाली आणि खोकली. हिरवा दिवा लागला.

तिचाही डॉक्टरांच्या घरावर राग होता. दवाखान्याच्या एका समारंभात डॉक्टरांच्या बायकोने तिला "तुम्ही काय करता, की घरीच?" असं विचारलं होतं आणि उत्तर यायच्या आत पाठ फिरवली होती. ते उत्तर अजून तिच्या तोंडात तसंच होतं.

महिना संपायला बावीस दिवस उरले असताना तळघराच्या पायऱ्यांवर बुटांचा आवाज झाला. मोठे डॉक्टर खाली कधी येत नसत. ते आले, दार लावलं, कडी घातली. तोंडावर मास्क होता. गेले पाच आठवडे तो उतरलाच नव्हता, आणि दाताच्या दवाखान्यात मास्ककडे बघतो कोण? काउंटरवरची ताई तर कौतुकाने म्हणायची, "सर किती काळजी घेतात!"

डॉक्टरांनी मास्क काढला. वरचा ओठ आत गेला होता. वरच्या हिरडीवर एकही दात नव्हता.

चाळीस वर्षं गावाला "रात्री घासा, सकाळी घासा" सांगणाऱ्या माणसाने स्वतःचे सडलेले दात परगावी जाऊन, खोट्या नावाने, एका अनोळखी डॉक्टरकडून काढून घेतले होते.

"कोणाला कळता कामा नये," डॉक्टर पुटपुटले. दात नसल्यामुळे प्रत्येक शब्द पाण्यात भिजून आल्यासारखा येत होता. "महिनाअखेरीला मला जीवनगौरव देतायत. भाषण आहे. तुझ्याशिवाय दुसऱ्या कोणापुढे मी तोंड उघडू शकत नाही. हे माझं माप."

त्यांनी पिशवीतून एक साचा काढून ठेवला. खालच्यांनी तो हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला. जबडा वाऱ्याने कललेल्या होडीसारखा एका बाजूला गेला होता.

"हे कोणी घेतलं?"

"मीच. आरशात बघून."

शिकाऊ पोरांनाही पहिल्या आठवड्यात कळतं की आरशात उजवं डावं होतं. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या तोंडात हात घालणाऱ्याला स्वतःच्या तोंडाची दिशा सापडली नव्हती.

"परत घ्यावं लागेल," खालचे म्हणाले. "बसा त्या स्टुलावर."

"स्टुलावर?"

"खुर्ची वर आहे. वर जाऊया?"

डॉक्टर स्टुलावर बसले.

"तोंड उघडा. अजून. पेशंटना सांगता तेवढं उघडा."

मापाचा ओला लगदा तोंडात गेला. आता तो घट्ट होईपर्यंत तीन मिनिटं डॉक्टरांना बोलता येणार नव्हतं. दार आतून बंद. नऊ वर्षं पाठ केलेलं भाषण खालच्यांच्या जिभेवर आलं. 'डॉक्टर, त्या दिवशी आपण जे बोललात' अशी त्याची सुरुवात होती. खालच्यांनी घसा साफ केला. डॉक्टरांचे डोळे भीतीने मोठे झाले.

"नाकाने श्वास घ्या," खालचे म्हणाले.

सवय वाईट. पहिलं मिनिट त्या एका वाक्याबद्दल स्वतःला शिव्या देण्यात गेलं, दुसरं भाषणाची सुरुवात आठवण्यात, आणि तिसऱ्यात माप तयार झालं.

पण डॉक्टर वर गेल्यावर खालच्यांच्या ध्यानात आलं की भाषणाची गरजच नाही. शत्रूने स्वतःचं तोंड आपल्या हातात आणून दिलं होतं! कवळीत पुढच्या दातांमागची जागा केसभर अरुंद ठेवली की 'स' म्हणताना शिट्टी वाजते. इतर अक्षरं शाबूत, फक्त 'स' वाजतो. आणि जीवनगौरवाच्या भाषणात 'स'ला काय तोटा? सन्माननीय सभासद, सहकारी, सुहृद, समाजसेवा. तीनशे दंतवैद्यांसमोर मोठे डॉक्टर कुकरसारखे बोलणार होते.

आठवड्याने मेणात दात बसवून तयार झाले. मेणात असताना घालून बघतात, म्हणजे चुकलं तर हलवता येतं. अशा वेळी खालचे प्रत्येकाला एकच काम सांगायचे: साठ ते सत्तर मोजा. बोलण्यातली सगळी खोड त्या दहा आकड्यांत उघडी पडते.

डॉक्टरांनी मोजायला सुरुवात केली. "एकसष्ट." शिट्टी. "बासष्ट." शिट्टी. त्रेसष्टला फळीवरचे जबडेसुद्धा ऐकतायत असं वाटलं. पासष्टला खालचे मागे वळून उगाच मेणाचा दिवा ठीक करू लागले, कारण चेहरा आवरेना. सत्तर झाले. आता हा चिडणार, म्हणून खालचे तयार राहिले.

"उत्तम," डॉक्टर म्हणाले. "अगदी स्वच्छ." यातलाही 'स' वाजला.

त्यांना ऐकूच येत नव्हतं. चाळीस वर्षं दात कोरायच्या मशीनची किंकाळी कानाशी घेतल्यामुळे नेमका तेवढाच बारीक आवाज त्यांच्या कानांतून कायमचा गेला होता. गडगडाट ऐकू येत होता, शिट्टी नाही.

खालचे त्या संध्याकाळी घरी आले ते तरंगत. लाल दिव्याची वाटसुद्धा न बघता त्यांनी हॉर्नवर आवाज चढवून सगळी गोष्ट सांगितली. बायको पोट धरून हसली, हसता हसता खोकली, खोकून झाल्यावर पदराने डोळे पुसले.

"तुम्ही असणार का त्या हॉलात?"

"मला कोण बोलावतंय?"

"म्हणजे शिट्टी वाजणार आणि आपण ऐकायला नाही. बरं, लोक हसले. मग?"

"मग काय? अब्रू गेली."

"अब्रू चार दिवस जाते. पाचव्या दिवशी तो खाली येणार आणि म्हणणार, शिट्टी काढून दे. तुम्ही काढत बसणार. तोवर तिकडची खिडकी दुसऱ्याला गेलेली." तिने उठून खिडकी घट्ट लावली. "अहो, वाईट काम करून कोणाचा सूड घेतलाय कोणी? वाईट दात काय, कोणीही करतं. चांगले करा. असे करा की त्याला दुसऱ्या कोणाचे चालताच कामा नयेत."

"मग?"

"मग चला. हिरडी झिजली की कवळी सैल होते, असं तुम्हीच सांगता ना? सहा महिन्यांनी त्याला काय करावं लागेल?"

खालच्यांनी हिशोब केला. गावात दुसऱ्या कोणापुढे डॉक्टर तोंड उघडू शकत नव्हते. गाडीचा प्रवास दोन दिवसांचा होता. त्यांनी बायकोकडे नव्याने पाहिलं. आपण नऊ वर्षं सुडाची उमेदवारी करत होतो आणि मुख्य कारागीर घरातच खोकत होता, हे त्यांना पहिल्यांदा कळलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळं मेण खरवडून काढलं. डॉक्टरांकडून कॉलेजातला फोटो मागवला. त्यात एक बारीकसा मुलगा हसत होता, आणि त्याचा पुढचा एक दात दुसऱ्याच्या खांद्यावर हात टाकल्यासारखा त्याच्यावर चढला होता. खालच्यांनी तो तसाच चढवला. कडेचा दात जरा झिजका ठेवला. रंगासाठी एका दिवसात चौदा वेळा मागच्या दारात गेले. प्रत्येक दात बसवताना एक शिवी देत होते: नालायक, कृतघ्न, उचल्या, अंगठाकापू. इतक्या मनापासून शिव्या देत इतके सुंदर दात क्वचितच कोणी लावले असतील.

भाषणाच्या आदल्या दिवशी डॉक्टर खाली आले. कवळी घातली. साठ ते सत्तर मोजले. आवाज पाण्यासारखा सरळ. मग आरसा हातात घेतला आणि तोंड या बाजूला, त्या बाजूला वळवून पाहिलं. आरशात कॉलेजातला मुलगा म्हातारा होऊन बसला होता. डॉक्टरांची हनुवटी हलली, डोळ्यांत काहीतरी चमकलं.

खालचे एक पाऊल मागे सरले. हा माणूस आता आभार मानतो की काय? मानले असते तर नऊ वर्षांचा सूड पाण्यात गेला असता, बायकोची योजना फुकट गेली असती, आणि खालच्यांचा स्वभाव पाहता ते रडलेही असते.

डॉक्टरांनी आरसा खाली ठेवला. "जमलेत," ते म्हणाले. "अर्थात, तो दात कसा चढवायचा हे फोटोवरून उघडच होतं. फोटो मी शोधून दिला म्हणून बरं झालं."

खालच्यांना हायसं वाटलं.

"डॉक्टर," ते म्हणाले, "मी पुढच्या आठवड्यात चाललो."

"कुठे?"

त्यांनी गाव सांगितलं. डॉक्टरांनी ते नकाशावर शोधल्यासारखं कॅलेंडरकडे पाहिलं. "ते तर पार दुसऱ्या टोकाला! असं कसं जाशील तू? सव्वीस वर्षं झाली. आणि माझी ही..." त्यांनी बोट तोंडाकडे नेलं.

"सहा महिन्यांत सैल होईल. हिरडी कोणाचं ऐकत नाही. तेव्हा या तिकडे."

"दोन दिवसांचा प्रवास आहे!"

"खिडकीजवळची जागा घ्या. बरं वाटतं म्हणतात."

"अरे, मी दुसरा माणूस आणेन इथे."

"आणा की. हात मिळतात, डॉक्टर. तोंड मात्र त्याच्यापुढे उघडावं लागेल."

डॉक्टरांनी दार उघडलं आणि अकरा पायऱ्या चढून गेले. मागोमाग खालचे रंगाचं काम नसताना वर गेले, मागच्या दारात उभे राहिले आणि डॉक्टरीणबाईंना फोन लावला. "येतो," म्हणाले. "दोघंही."

भाषण झकास झालं. काउंटरवरच्या ताईने फोनवर सांगितलं, सगळे म्हणत होते की सर दहा वर्षांनी लहान दिसतायत. आणि शेवटी कोणीतरी या हसण्याचं रहस्य विचारलं तेव्हा सर म्हणाले, "शिस्त." खालच्यांनी तो एकच शब्द सामानाबरोबर नीट बांधून घेतला. प्रवासात राग तेवत ठेवायला उपयोगी पडला.

नवं गाव मात्र सुडाला अजिबात पोषक निघालं नाही. सकाळी मेण वितळत ठेवावं तर खिडकीत टेकडी उभी. चार वाजता काम संपायचं आणि चारनंतर काय करायचं हे सव्वीस वर्षांत कोणी शिकवलेलं नव्हतं, म्हणून दोघं नुसती चालायला जायची. रस्ता वळेपर्यंत जायचं आणि परत यायचं. खोकला दुसऱ्या महिन्यात कमी झाला, चौथ्यात गेला. बायको आता हवी तेव्हा बोलायची, त्यामुळे भांडणं पूर्ण व्हायला लागली आणि लवकर संपायला लागली. इथे तर लोक खालच्यांना त्यांच्या नावाने हाक मारत. पहिले काही दिवस ते वळूनच बघत नसत.

"अहो," एकदा व्हरांड्यात बसल्या बसल्या बायकोने विचारलं, "हल्ली डॉक्टरला दिलेल्या तुमच्या शिव्या ऐकू येत नाहीत?"

"देतो की. परवाच दिली."

"कोणती?"

खालच्यांना आठवेना.

"असं करू नका हं," ती काळजीने म्हणाली. "सातवा महिना लागलाय. कधीही येईल. ऐनवेळी राग आला नाही तर फजिती व्हायची." आणि तिने अंगठ्याच्या फोटोपासून 'शिस्त'पर्यंत सगळं त्यांच्याकडून म्हणून घेतलं. परीक्षेच्या आधी पोरांकडून घेतात तसं.

डॉक्टर आले ते पुढच्याच आठवड्यात, मंगळवारी. मास्क लावलेला, कपडे चुरगळलेले, दोन दिवसांच्या प्रवासाची धूळ भुवयांवर. डॉक्टरीणबाईंनी धावत वर येऊन सांगितलं, "काका, सर आलेत! बसवू का आत?"

खालच्यांनी घड्याळ पाहिलं. चाराला पाच कमी होते. काम दीड तासाचं होतं, आणि सव्वीस वर्षांत कोणाचंही काम टाकून ते उठले नव्हते. त्यांनी हात धुतले, पुसले, डगला खुंटीला लावला आणि पायऱ्या उतरून बाहेरच्या बाकाशी जाऊन उभे राहिले.

डॉक्टर उठून उभे राहिले. "सैल झालीय," ते मास्कमधून म्हणाले. "बोलताना पडते. जेवता येत नाही."

"होणारच," खालचे म्हणाले. "पण चार वाजले. मी आता घरी जातो."

ओरडावं की काय असं डॉक्टरांच्या डोळ्यांत एकदा येऊन गेलं. मग त्यांचा हात हळूच मास्कवर गेला, आतली कवळी सावरायला.

"बरं," ते म्हणाले. "उद्या किती वाजता येऊ? तुम्ही सांगाल तेव्हा येतो."

'तुम्ही' ऐकून खालच्यांना इतकं अवघडल्यासारखं झालं की ते नऊ सांगणार होते. पण पायऱ्यांच्या तोंडाशी बायको उभी होती. फिरायच्या चपला घालून, सगळं ऐकत.

"अकरा," खालचे म्हणाले.

दोघं रस्त्याला लागली. वळण आलं तशी बायको म्हणाली, "उद्याही जरा बसवून ठेवा बाकावर."

"किती?"

"तासभर तरी. मी बघायला येते."

"परवापर्यंत लांबवू?"

बायकोने विचार केला. "परवा नको," ती म्हणाली. "परवा आपण टेकडीवर जायचं ठरवलंय. त्याच्यासाठी कोण थांबतंय? उद्या काय ते करून त्याला गाडीत बसवून द्या."